बारावीची गुणपत्रिका शोधून ठेवा
वाचकांचे प्रश्न : पदवीनंतर नर्सिंग

प्रश्न : मी चोपड्याची, वय २८. बारावी सायन्स, मग बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी, सध्या जळगावात पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. अमेरिकेतली मावसबहीण सांगते की तिथे कोणत्याही पदवीधराला वर्ष-सव्वा वर्षात नर्स होता येतं. इकडे एक एजंट म्हणतो, आपल्याकडेही ‘पदवीधरांसाठी शॉर्ट बी.एस्सी. नर्सिंग’ आहे, त्याने ॲडव्हान्स मागितला आहे. भरू का?

उत्तर : भरू नका. तुमची बहीण खरं सांगते, एजंट खोटं.

अमेरिकेत दुसऱ्या पदवीचा वेगवान नर्सिंग कोर्स साधारण ११ ते १८ महिन्यांचा असतो. पण तिथे चार वर्षांचा अभ्यास कोंबून शिकवतात असं नाही. पहिल्या पदवीतले सर्वसाधारण विषय वजा होतात. शरीररचना, शरीरक्रिया, मायक्रोबायोलॉजी, संख्याशास्त्र हे विषय प्रवेशाआधीच पास केलेले लागतात. उरतं ते निव्वळ नर्सिंग, आणि वॉर्डातले तास पूर्ण भरावेच लागतात. त्यानंतर एनक्लेक्स-आरएन ही परवाना परीक्षा असते. आठवडाभर वर्ग, वॉर्ड आणि रात्री अभ्यास असल्यामुळे सोबत नोकरी करू नका, असं तिथली कॉलेजंच सांगतात.

आपल्याकडे ही वजाबाकी नाही. भारतीय परिचर्या परिषदेचं बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, आठ सेमिस्टरचं; ते एम.एस्सी. झालेल्यालाही पहिल्या सेमिस्टरपासूनच करावं लागतं. थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळत नाही. एजंटाच्या बोलण्याला आधार असलाच तर तो दोन वर्षांच्या पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगचा असावा. तो कोर्स खरा आहे, पण जीएनएम (जनरल नर्सिंग ॲण्ड मिडवाइफरी हा डिप्लोमा) होऊन राज्याच्या नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी झालेल्यांसाठी. इतर पदवीधराला त्यात बसवलं, तरी शेवटी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मिळत नाही, आणि नोंदणी नसलेल्या पदवीवर सिस्टर म्हणून कोणी नेमत नाही.

तर आता तुमचं खरं भांडवल म्हणजे बारावीची गुणपत्रिका. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून ४५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ४०) आणि इंग्रजी पास, एवढं असेल तर दार उघडं आहे. बी.एस्सी.ला ७८ टक्के असले तरी इथे त्यांची किंमत शून्य. ऐकायला कडू आहे, पण हे पहिल्याच दिवशी कळलेलं बरं.

प्रवेश राज्याच्या सीईटी सेलच्या नर्सिंग सीईटीतून होतो. १०० प्रश्न, ९० मिनिटं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल, प्रत्येकाला २० गुण. लॅबमध्ये काम केलेल्यांची बायोलॉजी ताजी असते. गुण जातात ते फिजिक्समध्ये, कारण पुस्तक मिटून दहा वर्षं झालेली असतात. रोज तासभर फक्त फिजिक्सला द्या.

कागदपत्रांत पदवीधरांची अडचण दोन ठिकाणी होते. एक, बारावीनंतरच्या वर्षांचा हिशेब : पदवीच्या गुणपत्रिका आणि नोकरीच्या काळाचं गॅप प्रतिज्ञापत्र. दोन, विद्यापीठ बदलतं. पदवी आपल्या जळगावच्या विद्यापीठाची, नर्सिंग मात्र नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं. म्हणून मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं. ते आणि कॉलेज सोडल्याचा दाखला आत्ताच काढा. जात पडताळणी बाकी असेल तर तिला महिने लागतात; निकालानंतर धावपळ करून उपयोग नाही.

पैशांचं सांगायचं तर, शिष्यवृत्ती धरून बजेट मांडू नका. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या केंद्राच्या नियमात एक कलम आहे : एक टप्पा पूर्ण केलेल्याने त्याच टप्प्यावर दुसऱ्या विषयाचं शिक्षण घेतलं तर शिष्यवृत्ती नाही, म्हणजे बी.ए.नंतर बी.कॉम. केलं तर नाही. बी.एस्सी.नंतर बी.एस्सी. नर्सिंग त्याच कलमात अडकतं. इतर सवलतींसाठी कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागातल्या क्लार्कला आधी पदवीचं सर्टिफिकेट दाखवा, मग विचारा. पदवी लपवून अर्ज केला तर पुढे वसुली निघते.

कॉलेज पाहायला जाल तर इमारत पाहू नका, दवाखाना पाहा. बी.एस्सी. नर्सिंगच्या कॉलेजला १०० खाटांचं स्वतःचं रुग्णालय लागतं. सकाळी दहाला वॉर्डात उभं राहा. खाटा मांडलेल्या आहेत आणि पेशंट नाहीत, असं दिसलं तर शिकणार कुणावर? प्रसूतीची पोस्टिंग कुठे लागते तेही तिथल्या मुलींना विचारा, ऑफिसात नको.

नोकरी सांभाळून हे होणार नाही. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते आणि पदवी हातात येण्याआधी वॉर्डातली हजेरी १०० टक्के. बुडालेले दिवस भरून द्यावेच लागतात. शेवटच्या सेमिस्टरला इंटर्नशिप, आठवड्याला ४८ तास.

वयाचाही हिशेब करा. एम्सच्या नॉरसेट या नर्स-भरती परीक्षेला खुल्या प्रवर्गात ३० वर्षांची मर्यादा आहे. तुम्ही बाहेर पडाल तेव्हा ती गेलेली असेल. राज्य सरकारच्या अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) पदांना सर्वसाधारणपणे ३८, मागासवर्गीयांना ४३. म्हणजे सरकारी नोकरी हवी असेल तर राज्याच्या भरतीकडे डोळे लावायचे.

प्रश्न : शहाद्याजवळच्या गावचा आहे, वय ३०. बारावी आर्ट्स ५२ टक्के, मग बी.ए. पुरुषांना नर्सिंग करता येतं का? आणि आर्ट्सवाल्याला?

उत्तर : दोन्हींचं उत्तर हो, पण तुमचा रस्ता जीएनएमचा. बी.एस्सी. नर्सिंगला बारावीत बायोलॉजी लागतेच. जीएनएम तीन वर्षांचं. बारावी कोणत्याही शाखेची चालते, एकूण ४० टक्के आणि इंग्रजीतही ४० हवेत. इंग्रजीचा आकडा आजच बघा, बहुतेक अर्ज तिथेच बाद होतात. वयाची कमाल मर्यादा ३५, म्हणजे फार रेंगाळू नका. एएनएम (सहाय्यक परिचारिका-प्रसाविका कोर्स) मात्र फक्त महिलांसाठी.

जीएनएमनंतर पोस्ट बेसिक केलं तर एकूण पाच वर्षं होतात, म्हणजे थेट बी.एस्सी.पेक्षा एक वर्ष जास्त. पण तीन वर्षांनी पगार सुरू होतो, आणि घर चालवणाऱ्या माणसाला तेच महत्त्वाचं. उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी व्हायचं असेल तर जीएनएमनंतर सहा महिन्यांचा कम्युनिटी हेल्थचा सर्टिफिकेट कोर्स लागतो.

तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे, जी गुणपत्रिकेत दिसत नाही. धडगाव-अक्कलकुव्याकडे सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे पेशंट बरेच. अंगात पाणी कमी पडलं, थंडी बाधली, ताप आला की हाडं ठणकायला लागतात, आणि ते दुखणं पेशंट पावरीत किंवा भिलीत सांगतो. ते समजणारा ब्रदर वॉर्डात असला की दुखण्याची गोळी आणि सलाईन तासभर लवकर मिळतं.

प्रश्न : औषधांचं गणित फार अवघड असतं म्हणतात. माझं गणित आठवीपासून कच्चं. (अमळनेर)

उत्तर : गणित पाचवीचंच आहे; चूक दुसरीकडे होते. डॉक्टरांनी लिहिलं, ५०० मिली सलाईन चार तासांत. सलाईनच्या नळीच्या साध्या सेटमध्ये २० थेंबांचा एक मिली होतो. ५०० गुणिले २० म्हणजे १०,००० थेंब, भागिले २४० मिनिटं : मिनिटाला साधारण ४२. हातातल्या घड्याळावर १५ सेकंदांत दहा-अकरा थेंब मोजले की झालं.

घोळ होतो तो सेट बदलल्यावर. लहान मुलांच्या मायक्रो सेटमध्ये एका मिलीचे ६० थेंब होतात. तिथे मिनिटाला ४० थेंब म्हणजे तासाला ४० मिली. तोच ‘४०’ डोक्यात ठेवून एखादीने हाताशी आला म्हणून साधा सेट लावला, तर तासाला १२० मिली जातात, म्हणजे तिप्पट. लहान बाळाला एवढ्या पाण्याने धाप लागू शकते. म्हणून रोलर (थेंबांचा वेग कमी-जास्त करणारं नळीवरचं चाक) सोडण्याआधी सेटच्या पाकिटावर ‘एका मिलीला किती थेंब’ ते वाचायचं, रोज तोच सेट लावत असलात तरी.