नॉर्थ यॉर्क मूर्समध्ये रोड सायकल : पहिला रूट कोणता घ्यावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : नोकरीसाठी नुकतेच इंग्लंडच्या ईशान्येकडच्या मिडल्सब्रोला आलात, सोबत रोड बाइक आहे, पुण्यात असताना ताम्हिणी आणि वरंधा केलेत. आता ऑगस्टमध्ये हेदर (माळावरचं जांभळ्या फुलांचं बुटकं झुडूप) फुललेलं असताना 60-70 किलोमीटरचा राउंड मारायचाय आणि पहिल्याच फेरीत रोझडेल चिमनीचा, म्हणजे इथला 33 टक्क्यांचा चढ करायचाय. मी इथे अकरा वर्षं सायकल चालवतेय. चिमनी जरूर करा, पण दुसऱ्या फेरीत. पहिल्या फेरीत ही जमीन कशी घडलीय ते पायांना कळू द्या.

नकाशा उघडून आधी पाण्याच्या दिशा बघा. मूर म्हणजे उघडा माळ. या माळाच्या मधून उत्तर-दक्षिण सोंडा गेल्यात. त्यांच्या मधल्या फार्नडेल, रोझडेल, ब्रान्सडेल या दऱ्या दक्षिणेला उतरतात. वेस्टरडेल, डॅन्बी डेल, फ्रायप, ग्लेजडेल या उत्तरेला एस्क नदीकडे जातात. रस्ता सोंडेवरून गेला तर एकदा चढलात की बराच वेळ वरच राहता. पूर्व-पश्चिम गेलात की प्रत्येक दरीत कोसळायचं आणि पलीकडून पुन्हा चढायचं. म्हणून इथे दोन रूट किलोमीटरमध्ये सारखे असूनही एक सुखाचा आणि दुसरा जीव काढणारा असू शकतो. रूट आखताना किती दऱ्या आडव्या ओलांडतोय ते मोजा. पहिल्या दिवशी एकही नको.

घाटांचा अनुभव दमाला उपयोगी पडेल, गिअरला नाही. आपले घाट बस-ट्रक चढावेत म्हणून वळणं देत कापलेत, त्यामुळे चढ लांब असला तरी एका लयीत जातो. इथले रस्ते घोडा आणि माणूस जिथून सरळ चढले तिथेच डांबर टाकून झालेत. चढ एक-दीड किलोमीटरचा, पण 20, 25, क्वचित 33 टक्के, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना तेवढे मीटर वर. हिशोब करून बघा. पुढे पेडलजवळ 34 दाती चेनरिंग, मागे सर्वांत मोठी चकती 34 दात्यांची, म्हणजे एका पेडलला चाकाचा एक फेरा, सुमारे 2.1 मीटर. मिनिटाला 60 पेडल मारलेत तर वेग ताशी साडेसात किलोमीटर. तुम्ही आणि सायकल मिळून 85 किलो धरले, तर 25 टक्क्यांवर एवढ्या वेगाला 400 वॉटपेक्षा जास्त ताकद लागते. बहुतेकांना ती मिनिटभरही टिकत नाही. मग पेडल 40 वर येतं, पुढचं चाक उचलायला लागतं आणि क्लीट (बूट पेडलला अडकवणारा तुकडा) सोडवायला वेळ उरत नाही. मागची मोठी चकती 28 दात्यांचीच असेल तर आधी कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) बदला. माउंटन बाइकचे दोन स्क्रूचे क्लीट असलेले बूट असतील तर आणखी बरं, कारण कधीतरी ढकलत चालावं लागतंच आणि गुळगुळीत तळाच्या रोड बुटांनी 30 टक्क्यांच्या ओल्या डांबरावर उभंही राहता येत नाही.

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेच्या लँडरेंजर नकाशांवर रस्त्यात बाणाची टोकं काढलेली असतात. एक टोक म्हणजे 14 ते 20 टक्के, दोन म्हणजे 20 च्या वर, आणि टोक उताराकडे असतं. या भागाला 94 आणि 100 नंबरचे नकाशे लागतात. ॲपमधली चढाची रेघ छोटे तीव्र तुकडे सपाट करून दाखवते, हे बाण तसं करत नाहीत.

आता पहिला रूट. मिडल्सब्रोहून व्हिटबीला जाणारी एस्क व्हॅलीची रेल्वे तुमच्या दारातच आहे. तिने डॅन्बीला उतरा. गाड्या दिवसात मोजक्याच आहेत आणि सायकलला जागाही मोजकीच, तेव्हा परतीची वेळ घरूनच पक्की करा. डॅन्बीहून कासलटन, तिथून वेस्टरडेल गाव, आणि वेस्टरडेलमधून वर राल्फ क्रॉसपर्यंत चढ. हा जुना दगडी क्रॉस 1952 साली झालेल्या नॅशनल पार्कचं चिन्ह आहे. तिथून ब्लेकी रिजच्या सोंडेवरून दक्षिणेला हटन-ल-होलपर्यंत उतरत जा, गावात चहा-खाणं करा आणि त्याच सोंडेवरून परत वर येऊन कासलटन रिगवरून डॅन्बी. एकूण 50 च्या आसपास. मोठे चढ दोनच, प्रत्येकी साधारण 300 मीटर उंचीचे. आल्या वाटेने परत कशाला, असं वाटेल. पण सकाळी आणि दुपारी त्या माळाचा रंग वेगळा असतो, आणि फेरी डॅन्बीहून सुरू करायला सांगतेय त्याचं कारण वारा आहे.

इथे वारा बहुतेक नैर्ऋत्येचा. माळावर झाड नाही, भिंत नाही, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गुडघाभर हेदर. हटनहून सुरुवात केली तर उत्तरेला जाताना वारा पाठीशी असतो, आपण फार फिट आहोत असं वाटतं, आणि परतीला तेच 14 किलोमीटर दमलेल्या पायांनी वाऱ्यात काढावे लागतात. मी माझी पहिली फेरी तशीच केली. ब्लेकीच्या लायन इनपाशी, म्हणजे 400 मीटर उंचीवर, सपाट रस्त्यावर ताशी 11 ने जात होते. डॅन्बीहून निघालात तर ताज्या पायांनी वारा अंगावर घ्याल आणि तोच परत ढकलत आणेल. वारा पूर्वेचा असेल तर वेगळाच प्रकार. समुद्रावरून धुकं येतं, इथले लोक त्याला सी फ्रेट म्हणतात. ऊन असलेल्या दिवशीही वर दहा मीटरपलीकडचं दिसेनासं होतं. पुढचा-मागचा दिवा ऑगस्टमध्येही लावूनच निघा. वाऱ्याचं पातळ जाकीट खिशात हवंच, कारण चढताना घामाने भिजलेली जर्सी वर पोचल्यावर मिनिटात गार पडते.

मेंढ्या आणि कॅटल ग्रिड यांच्याबद्दल जरा जास्त लिहिते, कारण मी पडले ती याच दोघांमुळे. माळावर कुंपण नाही, मेंढ्या रस्त्यावरच असतात, आणि संध्याकाळी गरम डांबरावर येऊन बसतात. आई एका बाजूला आणि कोकरू दुसऱ्या बाजूला दिसलं की थांबायच्या तयारीत राहा. ते कोकरू आईकडे धावणारच, तेही तुम्ही अगदी जवळ आल्यावर. कॅटल ग्रिड म्हणजे रस्त्यातल्या खड्ड्यावर आडवे टाकलेले लोखंडी दांडे. मेंढीचा पाय त्यावर ठरत नाही, म्हणून ती ओलांडत नाही. सायकलने अगदी काटकोनात जायचं, ब्रेक आधी लावून आधीच सोडायचा, ग्रिडवर ना ब्रेक ना वळण, पेडल आडवे, हात सैल. माझ्या वेळी पाऊस नुकताच थांबला होता. ग्रिडच्या पलीकडे मेंढी दिसली आणि मी दांड्यांवर असतानाच पुढचा ब्रेक दाबला. गळ्याचं हाड मोडलं, आठ आठवडे सायकल बंद. आता ग्रिडच्या आधी वेग इतका कमी करते की पलीकडे काहीही असलं तरी ग्रिड संपल्यावर थांबता यावं.

दुसरी फेरी चिमनीची. डॅन्बीहून एस्कच्या काठाने लीलम, मग ग्लेजडेल. ग्लेजडेल स्टेशनजवळ 1619 चा बेगर्स ब्रिज आहे. नदीला पूर आला की प्रेयसीला भेटता येईना म्हणून एका गरीब मुलाने पुढे श्रीमंत होऊन तो बांधला, अशी गोष्ट सांगतात. तिथे पाच मिनिटं खरंच थांबा, कारण पूल सोडला की लगेच लिंबर हिल आहे. छोटा, पण पाटीवर 33 टक्के. पुढे एग्टन ब्रिजला उतरून एग्टन हाय मूरवर चढायचं. माझ्या मते हा सगळ्या भागातला सर्वांत सुंदर माळ. गाड्या जवळपास नाहीत, ग्राउझ पक्षी पायाखालून उठल्यासारखे फडफडतात आणि त्यांची हाक ‘गो बॅक, गो बॅक’ अशी ऐकू येते. टेकड्यांवर हेदरचे चौकोनी ठिगळ दिसतील, कुठे उंच, कुठे नुकतं उगवलेलं. ग्राउझला कोवळे कोंब खायला मिळावेत म्हणून हिवाळ्याच्या हंगामात तुकड्यातुकड्याने हेदर जाळतात, त्याच्या या खुणा. 12 ऑगस्टला शिकारीचा हंगाम सुरू होतो, मग या रस्त्यांवर जीपगाड्या वाढतात, एवढं लक्षात असू द्या.

तिथून रोझडेल ॲबीला उतार आणि समोर चिमनी बँक. सव्वा-दीड किलोमीटर, मधल्या वळणांत 33 टक्के. वळणाच्या आतल्या बाजूने जाऊ नका, समोरून गाडी येत नसेल तर बाहेरून घ्या, तिथे चढ जरा कमी असतो. खालच्या सोप्या तुकड्यात जोर लावलात तर वळणापर्यंत काही शिल्लक राहत नाही. नाव ज्या धुराड्यावरून पडलं ते 1972 मध्ये पाडलं, पण लोखंडाच्या खाणींच्या भट्ट्यांचे दगडी कमानीवजा अवशेष वर अजून उभे आहेत. त्या खाणींची रेल्वे 1929 ला बंद झाली. तिचा खडीचा मार्ग अजून सोंडेला वेढे घालत जातो, पण 25 मिलिमीटरच्या टायरने त्यावर जाऊ नका. चिमनी चढून हटन, मग ब्लेकीवरून डॅन्बी, सगळं मिळून साधारण 60. वाऱ्याने हैराण झालात तर चिमनी सोडून रोझडेलच्या उत्तर टोकाकडून सरळ राल्फ क्रॉसला या, दहाएक किलोमीटर वाचतील. त्या वाटेवर फॅट बेटी नावाचा पांढरा रंगवलेला बुटका क्रॉस लागतो. येणारेजाणारे तिथे खाऊ ठेवतात आणि आधीच्याने ठेवलेला घेतात. एखादी चिक्की जास्तीची न्या.

चिमनी उलट दिशेने, म्हणजे उतरण्यासाठी, रूटमध्ये घेऊ नका. रिम ब्रेक (चाकाच्या कडेवर दाबणारे) असतील तर अजिबात नाही.

दऱ्यांत फोनला रेंज बहुतेक नसते, नकाशा आधीच उतरवून ठेवा. पिकरिंग-व्हिटबीचा ए 169 आणि दक्षिणेचा ए 170 टाळा, गाड्या फार वेगाने जातात. ब्लेकीवर रविवारी दुपारी मोटरसायकलींची गर्दी होते, त्यामुळे शनिवारची पहिली गाडी पकडणं उत्तम. कॅसेट कोणती आहे आणि टायर किती रुंद आहेत ते कळवा, मग लिंबर हिल घ्यायचा की टाळायचा ते सांगते.