विकी मार्कअपचे एकच प्रमाण ठरेपर्यंत थांबावे का?

मानेवाडा, नागपूर येथून एका पालकांनी लिहिले आहे: "माझी मुलगी बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्षभरापासून ती मराठी विकिपीडियावर विदर्भातील तलाव आणि किल्ले यांविषयी लिहीत असते. महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी तिला दुसऱ्या एका विकीवर माहिती भरावी लागली, तेव्हा शिकलेली निम्मी चिन्हे तिथे चाललीच नाहीत. आता एक खासगी क्लास 'विकी मार्कअप'चा तीन महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू करत आहे. प्रत्येक ठिकाणचे नियम निराळे असतील तर हे शिकण्यात वेळ घालवावा, की सर्वत्र एकच पद्धत येईपर्यंत थांबावे?"

सप्रेम नमस्कार.

आपण थांबू नये आणि माझ्या मते हा क्लासही लावू नये. या दोन्ही उत्तरांचे कारण एकच आहे, म्हणून ते थोडे विस्ताराने सांगतो.

मुलीला जे अडले त्यात तिचा अभ्यास कच्चा होता असे समजू नका. विकी म्हणजे अनेकांनी मिळून लिहायचे संकेतस्थळ आणि विकी मार्कअप म्हणजे तिथे ठळक अक्षरे, मथळे, दुवे दाखवण्यासाठी मजकुरात टाकायची चिन्हे. विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो, तिथे शब्द ठळक करण्यासाठी दोन्ही बाजूंना तीन-तीन अपॉस्ट्रॉफी द्याव्या लागतात: '''अंबाझरी'''. मार्कडाउन या साध्या मजकुरात चिन्हे टाकून लिहिण्याच्या पद्धतीत आणि डोकुविकी या विकीच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हेच काम दोन्ही बाजूंच्या दोन-दोन तारांकनांनी होते: **अंबाझरी**. मथळ्यांच्या बाबतीत तर गंमतच आहे. मीडियाविकीत दोन बरोबरच्या चिन्हांनी लेखाचा मुख्य विभाग सुरू होतो आणि चिन्हे वाढवत गेले की मथळा लहान होत जातो. डोकुविकीत नेमके उलट असून तिथे सहा चिन्हांचा मथळा सर्वांत मोठा आणि दोन चिन्हांचा सर्वांत लहान असतो. एका ठिकाणची सवय दुसरीकडे नेली की पानाची उतरंड उलटी होते आणि चूक कुठे झाली हे नवख्याच्या लवकर लक्षात येत नाही.

ही अवस्था कोणी ठरवून आणलेली नाही. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिली विकी सुरू केली आणि त्यानंतर ज्याने ज्याने विकीचे सॉफ्टवेअर लिहिले, त्याने आपल्याला सोयीची चिन्हे निवडली. एकवाक्यतेचा गंभीर प्रयत्न २००६ मध्ये डेन्मार्कमधील ओडेन्से येथे भरलेल्या विकीविषयक परिसंवादातून सुरू झाला आणि त्यातून जुलै २००७ मध्ये 'विकीक्रिओल'ची पहिली आवृत्ती निघाली. नव्या चिन्हांचा शोध लावण्याऐवजी प्रचलित विकींची तुलना करायची आणि जे चिन्ह अधिकांश ठिकाणी आहे तेच घ्यायचे, अशी तिची समंजस रीत होती. तरीही अडचणी आल्याच. ओळीच्या आरंभी दोन तारांकने आली तर तो ठळक शब्द मानायचा की यादीतली दुसऱ्या पातळीची नोंद? क्रिओलने नियम केला की आधीची ओळ यादीतली असेल तर ती नोंद, एरवी ठळक अक्षरे. तिरप्या अक्षरांसाठी दोन तिरप्या रेघा निवडल्या, तर त्याच रेघा प्रत्येक संकेतस्थळाच्या पत्त्यातही असतात. त्यासाठी आणखी एक अपवाद लिहावा लागला.

खरा अडसर मात्र नियमांचा नव्हता. इंग्रजी विकिपीडियाने मार्च २००६ मध्येच दहा लाख लेखांचा टप्पा ओलांडला होता, आणि लाखो पाने जुन्या चिन्हांत लिहून झाल्यावर ती कोणी का बदलावीत? काही विकींनी क्रिओल स्वीकारले, परंतु मीडियाविकीने आपली चिन्हे सोडली नाहीत. त्या मानाने मार्कडाउनचे बरे झाले. जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या पद्धतीच्या पुढे अनेक बोल्या, म्हणजे थोड्याथोड्या फरकाची रूपे, झाली. २०१४ मध्ये काही जाणकारांनी 'स्टँडर्ड मार्कडाउन' या नावाने तिचे काटेकोर वर्णन मांडले, ग्रुबर यांनी नावाला हरकत घेतली आणि ते 'कॉमनमार्क' झाले. त्यात सहाशेहून अधिक उदाहरणे देऊन प्रत्येक शंकास्थळी काय व्हायला हवे हे लिहून ठेवले आहे. गिटहब या प्रोग्रामरांच्या संकेतस्थळाने २०१७ मध्ये आपले नियम त्याच आधारावर बांधले. लोकांच्या हाताला असलेली चिन्हे तशीच ठेवून फक्त संदिग्धता काढली, म्हणून ते रुजले असे मला वाटते.

तेव्हा एकच पद्धत येण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. माझ्या पाहण्यात टेक्निकल रायटरच्या (तांत्रिक माहिती सोप्या भाषेत लिहिणाऱ्याच्या) नोकरीच्या जाहिरातीत 'विकी मार्कअप' ही अट क्वचितच असते. मार्कडाउन, गिट (फाइलींतील बदलांची नोंद ठेवणारे साधन) आणि स्वच्छ लिहिता येणे यांची विचारणा मात्र होते. चिन्हे आठवड्याभरात हाताखाली येतात. मजकुराचे विभाग कसे पाडावेत, दुवा कुठे द्यावा, तीच माहिती दहा पानांवर लागणार असेल तर साचा कधी करावा, ही समज येण्यास वर्ष लागते आणि आपल्या मुलीने ते वर्ष आधीच त्यासाठी दिले आहे.

तिला एक प्रयोग सुचवा. मराठी विकिपीडियावर सरावासाठी 'धूळपाटी' असते, ती तिला माहीत असेलच. तिने स्वतःच्या एका लेखाचा मजकूर तिथे घ्यावा, तोच हाताने मार्कडाउनमध्ये लिहावा आणि मग पॅनडॉक या मोफत साधनाने मूळ मजकुराचे रूपांतर करून दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत. मथळे, दुवे, याद्या बहुतेक नीट येतील. माहितीचौकटीसारखे (लेखाच्या कडेला दिसणाऱ्या माहितीच्या तक्त्यासारखे) साचे येणार नाहीत, कारण त्यांचा अर्थ त्या विकीबाहेर कोणाला ठाऊकच नसतो. काय तुटले आणि का तुटले, हे तिने एका पानात लिहून काढले तर ते मुलाखतीत दाखवण्याजोगे काम होईल. तिचा संपादन इतिहासही तिच्या सदस्यनावाखाली सर्वांना पाहता येतो, त्याचा उल्लेख तिने बायोडेटात जरूर करावा.

कीबोर्डची एक अडचण इंग्रजीत लिहिणाऱ्यांना कधी जाणवत नाही. इन्स्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डवर अपॉस्ट्रॉफीच्या जागी 'ट', डाव्या चौकटी कंसाच्या जागी 'ड' आणि बरोबरच्या चिन्हाच्या जागी ऋकाराची खूण उमटते, त्यामुळे चौकटी कंसांत लिहायच्या प्रत्येक दुव्यासाठी कीबोर्ड बदलावा लागतो. शिवाय वर्डमधून मजकूर उचलला तर सरळ अपॉस्ट्रॉफी वाकड्या होऊन येतात आणि ठळक शब्द ठळक होत नाही. मराठीत डॉक्युमेंटेशन करणाऱ्याला या बारीकसारीक गोष्टी ठाऊक असणे ही जमेची बाजू आहे.

एक सावधगिरी बाळगावी. तिचे लेखन पाहून उद्या कोणी आपल्या दवाखान्याविषयी किंवा शिकवणीविषयी पैसे देऊन लेख लिहायला सांगेल. मोबदला घेऊन केलेले संपादन जाहीर करणे विकिमीडियाच्या अटींनुसार बंधनकारक आहे. ते लपवल्यास सदस्यखाते रोखले जाऊ शकते आणि वर्षभराची मेहनत बायोडेटात मांडण्याची सोय राहत नाही.

आता क्लासविषयी. तरीही आपणास चौकशी करायचीच असेल तर शुल्काआधी एवढेच विचारा की तिथे कोणत्या विकीचे मार्कअप शिकवतात. मीडियाविकी, डोकुविकी असे एखादे नाव सांगता आले नाही आणि "विकी म्हणजे विकीच" असे उत्तर मिळाले, तर चहा घेऊन परत या.