आश्रमशाळेत नव्याने रुजू होणाऱ्या अधीक्षिकेसाठी

ताई, शहापूर तालुक्यातल्या आश्रमशाळेत रुजू होताय, अभिनंदन. रजिस्टरं, धान्यसाठा, बिलं हळूहळू जमतील. आधी मुली.

पहिल्या आठवड्यात नावं पाठ करा. नावासोबत पाडा आणि घरी कोण आहे तेही. पहिलीतली पोर दिवसभर खेळते आणि दिवे मालवले की उशीत तोंड खुपसून रडते. "रडू नकोस" म्हणू नका, नुसतं शेजारी बसा. तिच्याच पाड्यावरची मोठी मुलगी बाजूच्या गादीवर झोपवा. मी तर अशा पोरीला सकाळी वेणी घालायला बसवायचे. केस विंचरताना मुली आपणहून बोलतात.

हमखास होणाऱ्या चुका:
- अंथरूण ओलं झालं म्हणून सगळ्यांसमोर रागावणं. चादर गुपचूप बदला.
- पोटदुखीला बहाणा समजणं. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्यांना मण्यार हा विषारी साप रात्री चावतो, खूण दिसतही नाही. पहाटे पोट दुखतंय, पापण्या जड झाल्यात म्हणाली तर वाट न बघता रुग्णालय गाठा. मच्छरदाणी गादीखाली खोचलेली आहे ना, रोज बघा.
- "कुणाला सांगणार नाही" असं वचन देणं. लैंगिक त्रासाची गोष्ट कानावर आली तर २०१२च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा, म्हणजे मुलांसाठीच्या मदतीचा नंबर मुलींच्या नजरेच्या उंचीवर लिहा.

दिवाळीनंतर कोण परतलं नाही ते त्याच दिवशी मोजा. कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, मुलगीही सोबत गेली की तिला परत आणणं फार अवघड होतं.