बर्बनला अननसाची जोड

प्रश्न : घरी माय ताई हे रमचं कॉकटेल करताना रमऐवजी बर्बन, म्हणजे मक्याची अमेरिकी व्हिस्की, वापरली, वर डब्यातला अननसाचा रस घातला आणि सगळं बर्फासकट मिक्सरमधून फिरवलं. पहिला घोट बरा लागला, पण पाच मिनिटांत त्याचं गोड पाणी झालं आणि मागे लाकडाची तुरट चव तेवढी राहिली. टिकी कॉकटेलला, म्हणजे रम आणि फळांच्या रसाच्या अशा बेटांच्या थाटाच्या पेयाला, बर्बन चालतच नाही का?

उत्तर : चालते, झकास चालते. पण रम काढून बर्बन घातली आणि बाकी सगळं जैसे थे ठेवलं की असंच होणार. अमेरिकी नियमानुसार बर्बनमध्ये किमान 51 टक्के मका हवा आणि ती आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते. कोरं पिंप व्हॅनिला-कॅरॅमलचा वास देतं आणि तुरटपणाही देतं. बाटलीत साखर नसली तरी जिभेला गोडाचा भास होतो. त्यावर पाक आणि डब्यातला गोड रस ओतला, तर तोंडाला मिठी बसेल नाही तर काय? म्हणून पाक कमी, आंबट थोडं चढं.

आणि एक, व्हिक्टर बर्जरॉन ऊर्फ ट्रेडर व्हिक यांच्या 1944 सालच्या मूळ माय ताईत अननस नव्हताच! त्यांच्याच बारमध्ये ईस्टर्न सावर नावाचं बर्बनचं कॉकटेल मिळायचं : बर्बन, संत्र्याचा रस, लिंबू आणि बदामाचा पाक, म्हणजे ओर्जा. तुम्ही तिथून सुरुवात करा. अननस हवाच असेल तर माझं माप असं : बर्बन 60 मिली, ताज्या अननसाचा रस 30, मोठ्या पिवळ्या लिंबाचा रस 20, संत्र्याचा 15, ओर्जा 10 आणि अँगोस्तुरा बिटर्सचे, म्हणजे मसाल्यांच्या कडू अर्काचे, दोन फटकारे. बिटर्स वगळू नका. लवंग-दालचिनीच्या वळणाचा त्याचा कडूपणा ओकच्या तुरटपणाला सांभाळून घेतो.

आता बर्फ. तुमचं पेय खरं तर तिथेच बिघडलं. मिक्सरमध्ये बर्फाचा चुरा होतो, तो भराभर वितळतो. त्याऐवजी शेकरमध्ये मोठे, कडक खडे घाला आणि दहा-बारा सेकंद जोरात हलवा. शेकरला बाहेरून दव धरलं, हाताला चटका बसायला लागला की थांबा. मग कुटलेल्या बर्फाने काठोकाठ भरलेल्या ग्लासात गाळून ओता. बर्फ स्वच्छ फडक्यात गुंडाळून लाटण्याने कुटला तरी पुरे. ग्लास गच्च भरलेला असला की बर्फ उलट हळू वितळतो. अर्धाच भरला तर पाणी लवकर सुटतं. ताजा अननस नीट हलवला असेल तर वर बोटभर पांढरा फेस येतो. पुदिन्याची जुडी तळहातावर एकदा आपटून स्ट्रॉच्या शेजारी खोचा, म्हणजे प्रत्येक घोटाला आधी पुदिना नाकात जातो. कागदी छत्री हौसेने लावा. माझ्या तरी ती डोळ्यात जाते.

प्रश्न : पाहुण्यांपैकी एकाला बदामाची अ‍ॅलर्जी आहे. ओर्जाऐवजी काय?

उत्तर : दालचिनीचा पाक. साखर आणि पाणी समप्रमाणात घ्या, वाटीभर पाण्याला दालचिनीच्या तीन कांड्या घालून मंद उकळा, झाकून गार करा, गाळा. बर्बनशी तो इतका जमतो की मी अ‍ॅलर्जी नसतानाही तोच घालतो. मात्र त्या पाहुण्याचा शेकर आणि गाळणी वेगळी ठेवा. विसळलेलं भांडं पुरेसं नाही.

प्रश्न : दहा जणांसाठी आधीच एक जग भरून करून ठेवता येईल?

उत्तर : बर्बन, पाक आणि बिटर्स सकाळीच एकत्र करून फ्रिजमध्ये ठेवा. लिंबू-संत्री मंडळी यायच्या तासभर आधी पिळा. जगमध्ये बर्फ टाकू नका, दोन-दोन ग्लासांपुरतं ओतून हलवा. आणि 60 मिलीचं माप शेवटच्या फेरीपर्यंत हातात असू द्या, कारण फळांच्या रसात दारू किती गेली ते कळत नाही.