बोलायचं, पण समेवर

"गाणं सुरू असताना शेजारचे बोलत बसतात. सांगावं तर भांडण, गप्प बसावं तर गाणं हातचं जातं." मैफिलींचा मोसम आला की ही तक्रार माझ्याकडे, समुपदेशकाकडे, हमखास येते. तेव्हा मला एक काका आठवतात. (त्यांच्या संमतीने, ओळख लपवून लिहिते आहे.)

पुण्यातला सवाई गंधर्व महोत्सव रात्र-रात्र चालायचा, तेव्हापासूनचे ते श्रोते. एका मैफिलीत विलंबित (संथ लयीतला) ख्याल रंगात आलेला आणि मागे दोघींच्या लग्नाच्या खरेदीच्या गप्पा. काका अर्धा तास धुमसले आणि मग ओरडले, "अक्कल आहे का तुम्हाला?" गायिका थांबल्या. सगळं सभागृह वळून काकांकडेच बघू लागलं. त्यानंतर वर्षभर ते एकाही मैफिलीला गेले नव्हते.

"चूक त्यांची, आणि मान खाली घातली मी," म्हणाले. ते दुःख खरं होतं. मी ते घाईने पुसायला गेले नाही.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत इच्छा आणि हट्ट यांत फरक करतात. 'लोकांनी शांत बसावं' ही इच्छा. 'बसलंच पाहिजे, नाहीतर मला सहनच होणार नाही' हा हट्ट. काका सभागृहात पाऊल टाकल्यापासून कोण बोलतंय हे शोधत असत. शिवाय सांगायचं ते वेळेवर सांगत नसत. तीस मिनिटांचा राग एका वाक्यात बाहेर पडला, तर ते वाक्य सौम्य कसं असेल?

म्हणून ठरलं, लवकर सांगायचं. पण आलापाच्या मध्यात नाही. विलंबित एकतालाचं एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, मिनिटभराचंही असू शकतं, तेवढं थांबायचं. समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, 'वा!' उमटते, तिच्या आडोशाने वाकून हळूच म्हणायचं, "मला जरा ऐकू येत नाहीये हो." 'तुम्ही' हा शब्दच नको. आणि लगेच नजर पुन्हा मंचाकडे. टक लावून पाहिलं की समोरच्याला माघार घ्यायला जागा उरत नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आम्ही खोलीत तालीम केली. बोलणारी बाई मी झाले. पहिल्यांदा "ओ बाई!" असंच निघालं. चौथ्यांदा आवाज उतरला.

एकदा सांगूनही ऐकलं नाही, किंवा माणूस प्यालेला दिसला, तर वाद घालायचा नाही. मध्यंतरात कार्यकर्त्याला सांगायचं किंवा जागा बदलायची. जागा बदलणं म्हणजे हार, असं काकांना वाटे. त्यावर दोन बैठकी गेल्या.

महिन्याभराने त्यांचा फोन आला. दुपारची मैफल होती, मागची बाई सारखी कुजबुजत होती. समेवर सांगितलं, तर ती ओशाळून म्हणाली, "सासूबाईंना कमी ऐकू येतं, राग कोणता ते सांगत होते." काकांनी उठून सासूबाईंना आपली पुढची खुर्ची दिली. स्वतः पार मागे, भिंतीपाशी जाऊन बसले.

"आणि भीमपलास पूर्ण ऐकला," म्हणाले.