झगा काढून सैनिक झालेला पाळक: पीटर म्यूलेनबर्गची गोष्ट किती खरी?

तुम्ही विचारलंय, ‘अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका जर्मन पाद्र्याने प्रवचन संपताच अंगावरचा झगा काढला आणि आत सैनिकी गणवेश होता, हे खरं का? त्याचं पुढे काय झालं?’

हा पीटर म्यूलेनबर्ग. पण स्थलांतरित तो नव्हता, त्याचे वडील होते. मला या गोष्टीत जास्त ओढ वाटते ती त्या वडिलांची.

हेन्री मेल्कियोर म्यूलेनबर्ग 1711 मध्ये हॅनोव्हर राज्यातल्या आइनबेकला जन्मले. हॅले इथल्या लुथरन (एक प्रोटेस्टंट पंथ) संस्थेने त्यांना 1742 साली पेनसिल्व्हेनियात पाठवलं. (याच हॅलेहून तमिळनाडूतल्या तरंगमबाडीलाही मिशनरी जात.) पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन लोकांच्या चर्च-मंडळ्या विखुरलेल्या होत्या. हेन्रींनी घोड्यावरून फिरून त्या बांधल्या. पीटर त्यांचा थोरला मुलगा, 1746 चा. 1763 मध्ये त्याला शिकायला जर्मनीला धाडलं, तिथून ल्यूबेकच्या एका दुकानदाराकडे उमेदवारीला ठेवलं. पोराला ते मानवलं नाही. 1766 मध्ये तो पळाला आणि चक्क ब्रिटिश पलटणीत भरती होऊन अमेरिकेत परतला. शिपाईपण झग्याच्या आधीपासून त्याच्यात होतं, हे लक्षात घ्या.

पुढे तो पाळक झाला. व्हर्जिनियात अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडचं चर्च हे सरकारी चर्च, म्हणून 1772 मध्ये लंडनला जाऊन त्याने त्या चर्चची दीक्षाही घेतली आणि वुडस्टॉकच्या मंडळीची जबाबदारी सांभाळली. ब्रिटिशांविरुद्ध अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध पेटलं होतं; जानेवारी 1776 मध्ये त्याला आठव्या व्हर्जिनिया रेजिमेंटचा कर्नल नेमलं गेलं. बायबलमधल्या ‘उपदेशक’ ग्रंथातल्या तिसऱ्या अध्यायावर, म्हणजे युद्धाचा समय आणि शांतीचा समय यावर, तो बोलला आणि झगा उतरवला, अशी कथा. पण झग्याचा हा प्रसंग त्याच्या घराण्यातल्याच एका वंशजाने 1849 साली लिहिलेल्या चरित्रातून पसरला. त्याआधी 1823 मध्ये छापलेल्या लष्करी डॉक्टर जेम्स थॅचर यांच्या रोजनिशीत तो तलवार लावून प्रवचनपीठावर चढला आणि निरोपाचं प्रवचन केलं, एवढंच येतं. माझं मत विचाराल तर निरोपाचं प्रवचन झालं असावं, झग्याचं नाट्य मागाहून रंगलं असावं. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमधल्या (अमेरिकी संसदभवनातल्या) पुतळ्यात मात्र तो झगा उतरवतानाच घडवलाय.

खरी ओढाताण घरात होती. 1714 पासून हॅनोव्हरचा शासक तोच इंग्लंडचा राजा, त्यामुळे हेन्री लहानपणापासूनच त्याची प्रजा. बंड करावं की निष्ठा राखावी, याने ते अस्वस्थ होते. धाकटा भाऊ फ्रेडरिकही न्यूयॉर्कला पाळक. पाळकाने यात पडायलाच नको होतं, असं त्याने पीटरला पत्रांतून सुनावलं. आणि मग 1776 मध्ये इंग्रजी आरमार येऊन ठेपल्यावर त्यालाच न्यूयॉर्क सोडावं लागलं!

पीटर 1777 मध्ये ब्रिगेडियर जनरल झाला. ब्रँडीवाइन, जर्मनटाउन, मॉनमाउथ आणि शेवटी यॉर्कटाउन, सगळीकडे लढला. 1777-78 चा व्हॅली फोर्जचा भीषण हिवाळा त्याने छावणीत काढला, तेव्हा आईवडील 10-12 किलोमीटरवर ट्रॅप गावात होते. मुलगा बंडखोरांचा जनरल म्हटल्यावर त्या म्हाताऱ्या जोडप्याला इंग्रजांची धास्ती असणारच. मी हे वाचताना दर वेळी तिथेच थांबतो.

युद्धानंतर पीटर प्रवचनपीठाकडे परतला नाही. 1789 च्या पहिल्या काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, तो निवडून आला. आणि तिथला पहिला सभापती कोण? त्याला रागावणारा तोच फ्रेडरिक. हे पाहायला वडील नव्हते, ते 1787 मध्येच गेले. पीटर 1 ऑक्टोबर 1807 ला, आपल्या एकसष्टाव्या वाढदिवशीच वारला. वडिलांच्या काळात 1743 मध्ये उभ्या राहिलेल्या ट्रॅपच्या दगडी चर्चच्या आवारात दोघांनाही पुरलंय.