आत्मचरित्र, प्रवासवर्णन, ललित, व्यक्तिचित्र... बी.ए.ला हे सगळं वेगवेगळं का शिकवतात?

तुम्ही विचारलंय की शेवटी सगळं खरं घडलेलंच लिहायचं असतं, मग प्रत्येक प्रकाराच्या व्याख्या आणि वैशिष्ट्यं वेगळी पाठ कशाला करायची. मी बी.ए., एम.ए. दोन्ही मराठीतच केलं आणि पहिलं वर्षभर मलापण हेच वाटायचं. गाईडमधलं पाठ करून मार्क पडतात पण कळत काहीच नाही, हे अगदी खरंय.

मला कळलं ते एका मॅडममुळे. त्यांनी सांगितलं, घरातली एकच गोष्ट घ्या आणि तीन प्रकारांत लिहून आणा. आमची पिठाची गिरणी आहे, मी तीच घेतली. ललित लेख पटकन झाला, पट्ट्याचा आवाज, गरम पिठाचा वास वगैरे. व्यक्तिचित्राला बाबांना घेतलं तर नुसतं 'कष्टाळू' लिहून भागेना, म्हणून एक दिवस तासभर नुसती बघत बसले, तेव्हा दिसलं की पीठ जाड पडतंय का बारीक हे ते बघतच नाहीत, गिऱ्हाईकाशी बोलता बोलता पडणारं पीठ चिमटीत धरतात, अंगठ्यानं चोळतात आणि दुसऱ्या हातानं चाक जरासं फिरवतात. एवढी वर्षं त्या घरात राहून मी हे पाहिलंच नव्हतं. मग रिपोर्ताज, म्हणजे प्रत्यक्ष पाहून, माहिती गोळा करून लिहिलेला वृत्तान्त, त्याला आकडे लागतात, दळणाचा दर काय, लाईट बिल किती, दळायचा दगड गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून पुन्हा खरखरीत करतात ती किती दिवसांनी लावायची, म्हणून बाबांची वही मागितली तर त्यात उधारीची पानं निघाली आणि तीन नावांपुढे आकडा न लिहिता नुसती रेघ. विचारलं तर म्हणाले, "त्यांचं सोडून दिलंय." ललित लेखात हे कधीच आलं नसतं, कारण वही मागायचं मला सुचलंच नसतं.

म्हणजे प्रकार बदलला की आपण विचारतो ते प्रश्न बदलतात, लिहितानाही आणि वाचतानाही. आता हे डोक्यात ठेवून गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' वाचा. पेणजवळच्या वरसईचे हे विष्णुभट गोडसे घरावरचं कर्ज फिटावं, दक्षिणा मिळावी म्हणून १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि बंडात सापडले, झाशीला इंग्रजांचा वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. प्रवासवर्णन म्हणून वाचलं तर मुक्काम, वाट, लुटले गेल्यावरचे हाल यात आपण गुंतून जातो, पण तेच इतिहासाचं साधन म्हणून हातात घेतलं की लगेच विचारावं लागतं, यातलं स्वतः पाहिलेलं किती आणि ऐकीव किती, कारण त्यांनी लिहिलं पंचवीसेक वर्षांनी, आठवणीतनं. शिवाय इतिहास-अभ्यासक चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली ते छापलं तेव्हा मजकुरात बरेच फेरफार केले, मूळ पाठ इतिहासकार दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये पुढे आणला. मग आवाज भटजींचा कुठला आणि वैद्यांचा कुठला? माझ्या मते बी.ए.ला याच्याइतका चांगला नमुना दुसरा नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे'पण असंच वाचा. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या, त्या समोर बसून सांगतायत असं वाटतं, तर वाक्य कुठे थांबतं, हसू कुठे येतं हे पेन्सिलनं खूण करत वाचा. आत्मचरित्राची वैशिष्ट्यं मग पाठ करावी लागत नाहीत, पेपरात हीच उदाहरणं लिहिता येतात.

आणि सुट्टीत घरी जाल तेव्हा एक छोटी वही घेऊन जा. आधी आकडे लिहा, दर, वजन, वेळ, कोण किती वाजता येतं. वर्णन नंतर घरी बसून करता येतं.